वेदनेच्या उशाशी : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे जीवनकार्य

दरवर्षी १२ मे हा दिवस जगभर आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. आधुनिक परिचर्येच्या प्रणेत्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा हा जन्मदिवस होय. रात्रीच्या अंधारात हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी स्त्री, ही त्यांची प्रतिमा शालेय पाठ्यपुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची झाली आहे. त्या दिव्याच्या प्रकाशात नेमके काय केले जात होते, हे मात्र तुलनेने कमी जणांना ठाऊक असते.

औषध देणे हे वैद्याचे काम. परंतु औषध देऊन झाल्यावर, किंवा औषध हाताशी नसताना, वेदनेने तळमळणाऱ्या माणसासाठी काय करता येते, या प्रश्नाला नाइटिंगेल यांनी शास्त्रशुद्ध उत्तर देण्याचा प्रयत्न केला. शांतता, प्रकाश, ऊब, स्वच्छ अंथरूण, योग्य रीतीने लावलेली उशी, झोप आणि मनाला मिळणारा विरंगुळा यांचा वेदनेशी असलेला संबंध त्यांनी उलगडून दाखवला. पुढे आयुष्याची कित्येक वर्षे त्यांना स्वतःलाच रुग्णशय्येवर काढावी लागली. इतरांसाठी सांगितलेल्या उपायांची कसोटी त्यांच्या स्वतःच्या देहावर लागली.

संपन्न घर आणि अस्वस्थ मन

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. त्या शहरावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील विल्यम एडवर्ड नाइटिंगेल हे सधन जमीनदार होते. डर्बीशायरमधील ली हर्स्ट आणि हॅम्पशायरमधील एम्बली पार्क अशी त्यांची दोन प्रशस्त निवासस्थाने होती. वडिलांनी फ्लॉरेन्स आणि त्यांची थोरली बहीण पार्थेनोपी या दोघींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्स यांचा ओढा गणिताकडे होता.

त्यांच्या बालपणाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. एका मेंढपाळाच्या कुत्र्याचा पाय दुखावला होता आणि आता तो कामाचा राहिला नाही म्हणून त्याला मारून टाकण्याचे ठरले होते. फ्लॉरेन्स यांनी त्या पायाला गरम पाण्याचा शेक दिला आणि कुत्रा पुन्हा चालू लागला. ही कथा किती खरी आणि किती रंगवलेली, हा भाग वेगळा. तथापि, औषधावाचून केवळ शेकाने मिळालेला आराम हा त्यांच्या कथेचा आरंभ मानला जावा, हे अर्थपूर्ण आहे.

वय १६ वर्षांचे असताना, फेब्रुवारी १८३७ मध्ये, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, अशी त्यांची धारणा झाली. ही सेवा रुग्णांची असावी, हा निश्चय पुढील काही वर्षांत पक्का होत गेला. त्या काळी इंग्लंडमधील रुग्णालये गलिच्छ होती आणि तेथील परिचारिकांच्या पेशाला कसलीही प्रतिष्ठा नव्हती. त्यामुळे कुटुंबाने तीव्र विरोध केला. रिचर्ड मंक्टन मिल्न्स या कवी व संसदपटूने त्यांना विवाहासाठी विचारले होते. अनेक वर्षांच्या विचारानंतर १८४९ मध्ये त्यांनी नकार दिला.

१८५० मध्ये प्रवासात असताना अथेन्स येथे मुलांच्या तावडीतून त्यांनी घुबडाचे एक पिल्लू सोडवले. त्याचे नाव त्यांनी अथीना ठेवले आणि ते खिशात घालून त्या हिंडत असत. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी एखादा लहानसा पाळीव प्राणी हा उत्तम सोबती ठरतो, असे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात नमूद केले.

याच प्रवासात त्यांनी जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी असलेल्या कैझर्सवर्थ येथील सेवासंस्थेला भेट दिली. १८५१ मध्ये तेथे राहून त्यांनी सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले. ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ली स्ट्रीट येथील एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवण्यात आली. तेथे प्रामुख्याने घरोघरी शिकवणी करणाऱ्या, परिस्थितीने गांजलेल्या सुशिक्षित स्त्रिया उपचारासाठी येत असत.

या ठिकाणी नाइटिंगेल यांनी प्रथम आग्रह धरला तो साध्या गोष्टींचा. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी पोहोचावे, जेवण वर नेण्यासाठी यांत्रिक पाळणा असावा आणि कोणत्या रुग्णाने घंटा वाजवली ते परिचारिकेला चटकन कळावे, अशी व्यवस्था त्यांनी मागितली. परिचारिकेचा वेळ जिने चढण्या-उतरण्यात गेला, तर तो रुग्णाच्या वाट्याला येत नाही, हा त्यामागील विचार होता.

स्कुटारीचा हिवाळा

१८५४ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध क्रिमियाच्या युद्धात उडी घेतली. जखमी ब्रिटिश सैनिकांच्या हालअपेष्टांची वृत्ते लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच इंग्लंडमध्ये संतापाची लाट उसळली. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे नाइटिंगेल यांचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून ३८ परिचारिकांचे पथक घेऊन नाइटिंगेल २१ ऑक्टोबर १८५४ रोजी निघाल्या आणि ४ नोव्हेंबर रोजी कॉन्स्टँटिनोपलसमोरील स्कुटारी येथे पोहोचल्या. हा भाग आज इस्तंबूल शहरात मोडतो.

तेथील बराक रुग्णालय म्हणजे तुर्की सैन्याची एक अवाढव्य छावणी होती. इमारतीखालील गटारे तुंबलेली होती आणि भिंतींना ओल होती. खाटा, भांडी, टॉवेल, साबण या साऱ्यांची वानवा होती. चादरी इतक्या खरखरीत कापडाच्या होत्या की, त्यापेक्षा आपल्या मळक्या कांबळ्यातच राहू द्यावे, अशी विनवणी जखमी सैनिक करीत. काळ्या समुद्रापलीकडील रणभूमीवरून जहाजांतून आणलेल्या या माणसांना वेदनेबरोबरच थंडी, तहान आणि घाण यांनाही तोंड द्यावे लागत होते.

शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मची गुंगी देण्याची पद्धत १८४७ पासून रूढ होऊ लागली होती. असे असूनही, गंभीर जखमींच्या बाबतीत क्लोरोफॉर्म वापरू नये, सुरीची वेदना ही उलट रुग्णाला उत्तेजन देणारी असते, अशी सूचना क्रिमियातील मुख्य वैद्यकीय अधिकारी जॉन हॉल यांनी काढली होती. सर्वच शल्यचिकित्सकांनी ती मानली नाही. तरीही, वेदनेकडे पाहण्याची तत्कालीन लष्करी दृष्टी त्यातून स्पष्ट होते.

शस्त्रक्रिया रुग्णकक्षातच, इतरांच्या डोळ्यांदेखत होत असत. उद्या ज्याचा पाय कापला जाणार आहे, तो सैनिक आज आपल्या शेजाऱ्याला सुरीखाली प्राण सोडताना पाहत असे. या दृश्याने त्याचे मनोधैर्य खचते आणि वाचण्याची शक्यताही कमी होते, हे नाइटिंगेल यांनी ओळखले. पोहोचल्यापासून अवघ्या काही दिवसांत त्यांनी शस्त्रक्रियेच्या जागी आडपडदा लावण्याची तजवीज केली. हा उपाय क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. मात्र भीतीमुळे वेदना वाढते आणि भीती कमी करणे हा परिचर्येचाच भाग आहे, हे तत्त्व त्यात सामावलेले होते.

त्यानंतर त्यांनी एकेक गोष्ट हाती घेतली. जवळच एक घर भाड्याने घेऊन तेथे पाणी तापवण्याच्या मोठ्या भट्ट्या बसवल्या आणि सैनिकांच्या बायकांना धुलाईच्या कामावर नेमले. रुग्णांना स्वच्छ सदरे मिळू लागले. अशक्त रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर सुरू झाले. १८५५ मध्ये अलेक्सिस सॉयर हे प्रख्यात पाककुशल स्वखर्चाने दाखल झाले आणि लष्करी भटारखान्याची घडी त्यांनी बसवली. बरे होत असलेल्या सैनिकांसाठी वाचनालय आणि कॉफीगृह उघडण्यात आले. घरी पैसे पाठवण्याची सोय झाली. मरण पावलेल्या सैनिकांच्या कुटुंबीयांना नाइटिंगेल स्वतः पत्रे लिहीत.

रात्री सर्वत्र निजानीज झाल्यावर त्या कक्षांमधून फेरी मारत. त्यांच्या हाती असलेला दिवा चित्रांत दिसतो तसा नव्हता. तो कागदी वा कापडी आवरणाचा, घडी घालता येणारा तुर्की कंदील होता. अमेरिकन कवी लाँगफेलो यांनी १८५७ मध्ये लिहिलेल्या कवितेने ही प्रतिमा अजरामर केली.

तथापि, केवळ सांत्वनाने माणसे वाचत नाहीत, हा कठोर धडाही स्कुटारीनेच दिला. नाइटिंगेल यांच्या आगमनानंतर मृत्यूचे प्रमाण घटण्याऐवजी हिवाळ्यात वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये ते शेकडा ४२ पर्यंत पोहोचले. मार्चमध्ये शासनाने पाठवलेल्या आरोग्य आयोगाने गटारे उपसली, पाण्याची व्यवस्था सुधारली, हवा खेळती केली आणि जूनपर्यंत हे प्रमाण शेकडा सुमारे २ वर आले. युद्धानंतर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्या मदतीने आकडेवारीचा अभ्यास करताना या घसरणीचा अर्थ नाइटिंगेल यांच्या पुरता ध्यानात आला. बहुसंख्य सैनिक जखमांनी नव्हे, तर टाळता येण्याजोग्या रोगांनी दगावले होते. वर्तुळाकृती आलेखांच्या साहाय्याने त्यांनी हे सत्य राज्यकर्त्यांपुढे मांडले. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेच्या त्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

रुग्णाच्या बाजूने लिहिलेले पुस्तक

नाइटिंगेल यांचे नोट्स ऑन नर्सिंग हे छोटेखानी पुस्तक जानेवारी १८६० मध्ये प्रसिद्ध झाले आणि पहिल्याच महिन्यात त्याच्या १५ हजार प्रती खपल्या. हे पुस्तक व्यावसायिक परिचारिकांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक नव्हते. घरात कधी ना कधी आजाऱ्याची जबाबदारी पडणाऱ्या सर्वसामान्य स्त्रीसाठी ते होते.

रोगामुळे होते असे समजले जाणारे पुष्कळसे कष्ट प्रत्यक्षात रोगाचे नसतात, ते शुश्रूषेतील उणिवांमुळे होतात, असा या पुस्तकाचा गाभा आहे. कोंदट हवा, अंधार, ओलसर अंथरूण, गोंगाट आणि अवेळी दिलेले अन्न यांनी रुग्ण बेजार होतो आणि दोष मात्र रोगाला दिला जातो. हे कष्ट दूर करण्यासाठी कोणत्याही औषधाची गरज नसते.

वेदना आणि निद्रा यांविषयी त्यांनी केलेले निरीक्षण विशेष मोलाचे आहे. वेदना स्वतःच स्वतःला टिकवते आणि वाढवते, असे त्यांचे मत होते. म्हणूनच झोपेमुळे वेदनेत थोडा जरी खंड पडला, तरी लाभ केवळ तेवढ्या वेळापुरता नसतो. वेदना पुन्हा त्याच जोराने उसळण्याची शक्यताही त्यामुळे कमी होते. याउलट, पहिल्या झोपेतून दचकून जागा झालेला रुग्ण बहुधा पुन्हा झोपू शकत नाही. झोपलेल्या रुग्णाला उठवू नये, ही त्यांची ताकीद या विचारावर आधारलेली होती.

आवाजाविषयीचे त्यांचे विवेचन असेच बारकाईचे आहे. मोठ्या आवाजापेक्षा अनावश्यक आवाज अधिक त्रासदायक असतो, असे त्या सांगतात. दाराबाहेर चाललेली कुजबुज रुग्णाला सर्वाधिक छळते, कारण आपल्याविषयीच काही बोलले जात आहे, या शंकेने तो कान टवकारतो. कपड्यांची सळसळ, खाटेला लागणारा धक्का, खाटेवर टेकून बसणारे पाहुणे, या साऱ्यांची त्यांनी दखल घेतली. रुग्णाशी बोलताना समोर बसावे, म्हणजे त्याला मान वळवावी लागणार नाही. पाठीमागून किंवा दारातून बोलू नये. निघताना रेंगाळू नये, अशा सूचना त्यांनी केल्या. अनिश्चितता, वाट पाहणे आणि आता काय होणार ही धास्ती रुग्णाला शारीरिक श्रमांहूनही अधिक थकवते, हे त्यांनी आग्रहाने मांडले.

उशा कशा लावाव्यात, याविषयीही त्या लिहितात. छातीवर भार न येता पाठीला आधार मिळावा आणि खांदे मोकळे राहावेत, अशा बेताने उशा रचाव्यात. पहाटेच्या सुमारास पाय गार पडतात, तेव्हा गरम पाण्याची बाटली किंवा शेक द्यावा. अंग नीट पुसून कोरडे केल्यावर रुग्णाला जे हलके वाटते, ते केवळ मनाचे समाधान नसून शरीरावरील एक भार उतरल्याची खूण आहे, असे त्या म्हणतात.

विविधतेला त्यांनी स्वतंत्र प्रकरण दिले आहे. महिनोन् महिने त्याच भिंती आणि तेच छत पाहणाऱ्या रुग्णाच्या मनाला एकाच विचाराचा चाप बसतो. निरोगी माणूस हात कामात गुंतवून विचार बदलू शकतो. रुग्णाला ते शक्य नसते. म्हणून ताजी फुले, तेजस्वी रंग आणि खिडकीतून दिसणारे दृश्य हे त्याच्यासाठी उपचारच होत. त्यांचा परिणाम केवळ मनावर होत नाही, शरीरावरही होतो, असे त्यांनी ठामपणे लिहिले. सलग सूर देणारी वाद्ये आणि मानवी कंठ रुग्णाला मानवतात, तर तुटक सुरांचा पियानो त्याला त्रास देतो, असेही निरीक्षण त्यांनी नोंदवले.

भेटीला येणाऱ्यांच्या पोकळ दिलाशाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा होता. तुम्हाला काहीही झालेले नाही, लवकरच खडखडीत बरे व्हाल, असे सांगणारा माणूस रुग्णाला धीर देत नाही, तर त्याला अधिक एकटे पाडतो. आपले दुःख कोणाला समजत नाही, ही जाणीव त्याला पोखरते. त्याऐवजी बाहेरच्या जगातील एखादी चांगली बातमी सांगावी किंवा घरातील तान्हे मूल त्याच्याजवळ आणावे, असा त्यांचा सल्ला होता.

रात्र बरी गेली का, असा ढोबळ प्रश्न विचारणेही त्यांना मान्य नव्हते. किती तास झोप लागली आणि ती रात्रीच्या कोणत्या वेळी लागली, असे नेमके विचारावे, असे त्यांनी सुचवले. वेदनेची नोंद काळजीपूर्वक ठेवण्याच्या आजच्या पद्धतीचे मूळ अशा आग्रहात पाहता येते.

९ जुलै १८६० रोजी लंडनमधील सेंट थॉमस रुग्णालयात नाइटिंगेल प्रशिक्षण विद्यालयाचे कार्य सुरू झाले. युद्धकाळात जनतेने कृतज्ञतेपोटी जमवलेल्या निधीतून ते उभे राहिले होते. येथून शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकांनी पुढे अनेक देशांत परिचर्येचा पाया घातला.

स्वतःच रुग्णशय्येवर

मे १८५५ मध्ये रणभूमीवरील रुग्णालयांची पाहणी करताना नाइटिंगेल यांना तापाने गाठले होते. त्यातून त्या वाचल्या, परंतु पूर्वीचे आरोग्य परत आले नाही. १८५७ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. १८६१ च्या अखेरीस तर पाठीच्या कण्यातील असह्य वेदनेने त्यांना चालणेही अशक्य झाले आणि पुढील सहा-सात वर्षे त्या जवळजवळ पूर्णपणे अंथरुणाला खिळून होत्या. त्याच वर्षी सिडनी हर्बर्ट यांचे निधन झाल्याने कामातील मोठा आधारही गेला होता.

हा आजार नेमका कोणता, यावर दीर्घकाळ वाद झाला. तो मानसिक असावा किंवा कामासाठी एकांत मिळावा म्हणून घेतलेले सोंग असावे, असे तर्कही काही चरित्रकारांनी केले. १९९५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या डेव्हिड यंग यांच्या लेखात मात्र लक्षणांची तपासणी करून हा जुनाट ब्रुसेलोसिस असावा, असा निष्कर्ष मांडण्यात आला. न तापवलेल्या दुधातून पसरू शकणाऱ्या या रोगात कण्याच्या तीव्र वेदना उद्भवतात. वेदना बाहेरून दिसत नाही म्हणून ती खोटी ठरवली जाते, हा अनुभव त्यांच्या वाट्याला मृत्यूनंतरही आला.

या काळात नाइटिंगेल यांनी औषधाचा आधार नाकारला नाही. त्वचेखाली सुईने अफूचे द्रावण टोचण्याची पद्धत त्या वेळी नवी होती. १८६६ च्या सुमारास त्यांनी तो उपाय घेतला. त्याने दिवसभर आराम पडतो, परंतु बुद्धीची तरतरी आणि मनाची प्रसन्नता काही वाढत नाही, अशा आशयाचे त्यांनी पत्रात कळवले. औषधाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा या दोन्हींची ही अनुभवसिद्ध नोंद होती.

उरलेल्या वेळेसाठी त्यांनी आपल्याच पुस्तकाचा मार्ग अनुसरला. लंडनच्या साउथ स्ट्रीट येथील घरात १८६५ पासून त्या अखेरपर्यंत राहिल्या. त्यांच्या शयनकक्षात भरपूर प्रकाश येत असे. लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन त्यांच्यासाठी नियमितपणे फुलझाडे पाठवत. अंथरुणावर मांजरे बागडत असत. बिस्मार्क आणि ग्लॅडस्टन अशी राजकारणी पुरुषांची नावे त्यांनी आपल्या मांजरांना दिली होती. एका वेळी एकाच पाहुण्याला, तेही आधी वेळ ठरवूनच, प्रवेश मिळत असे. या शिस्तीमुळे जवळची माणसे दुखावली गेली. आई आणि बहीण यांनाही अनेकदा भेट नाकारली गेली. वेदनेतून वाचवलेली शक्ती त्यांनी कामाला दिली, पण त्याची किंमत नात्यांनी मोजली, हे मान्य करावे लागते.

अंथरुणावरून पाहिलेला भारत

या रुग्णशय्येवरूनच नाइटिंगेल यांनी भारताच्या आरोग्याचा प्रश्न हाती घेतला. त्या भारतात कधीही आल्या नाहीत. मात्र भारतातील सैन्याच्या आरोग्यस्थितीविषयी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगासाठी त्यांनी छावण्याछावण्यांतून माहिती मागवली. १८६३ मध्ये आयोगाचा अहवाल सादर झाला. भारतातील ब्रिटिश सैनिकांमध्ये मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६९ इतके असल्याचे त्यातून पुढे आले. दहा वर्षांनंतर हे प्रमाण दर हजारी १८ वर आल्याचे नाइटिंगेल यांनी नमूद केले.

केवळ सैनिकांचा विचार पुरेसा नाही, खेड्यातील रयतेला शुद्ध पाणी, सिंचन आणि स्वच्छता मिळाली पाहिजे, अशी त्यांची भूमिका पुढे दृढ झाली. १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेले सर बार्टल फ्रिअर हे या कामी त्यांचे निकटचे सहकारी ठरले. मुंबईतील पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांच्याशीही त्यांचा संबंध आला. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राच्या १८९२ मधील लंडन आवृत्तीला नाइटिंगेल यांची प्रस्तावना आहे.

नाइटिंगेल यांच्या मतांनाही मर्यादा होत्या. रोग जंतूंमुळे पसरतात, हा सिद्धांत त्यांनी बराच काळ स्वीकारला नाही. क्रिमियात स्वतंत्रपणे सेवा करणाऱ्या, जमैकात जन्मलेल्या मेरी सीकोल यांच्याविषयीची त्यांची भूमिकाही टीकेचा विषय ठरली आहे.

१९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. तोपर्यंत त्यांची दृष्टी गेली होती. १३ ऑगस्ट १९१० रोजी वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन करण्याचा प्रस्ताव कुटुंबीयांनी नाकारला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावच्या चर्चच्या आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. सैन्यातील सहा सार्जंटांनी त्यांची शवपेटी वाहिली. दगडावर केवळ नावाची आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूची वर्षे कोरलेली आहेत.

विचारांचा पुढील प्रवास

नाइटिंगेल यांनी अनुभवातून सांगितलेल्या काही गोष्टींना पुढे विज्ञानाची जोड मिळाली. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी वेदनेविषयी नवा सिद्धांत मांडला. वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत एखाद्या दरवाजासारखी यंत्रणा असते आणि स्पर्श, लक्ष तसेच भावना यांच्या प्रभावाने हा दरवाजा कमी-अधिक उघडतो, असे त्यांनी सुचवले. दुखऱ्या जागी हात फिरवला की बरे का वाटते, याचे उत्तर त्यात मिळते. या सिद्धांतातील तपशील पुढे बदलले, पण वेदना ही केवळ जखमेवर अवलंबून नसते, हा विचार टिकून राहिला.

१९८४ मध्ये अमेरिकेतील संशोधक रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि तितक्याच रुग्णांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणाऱ्या रुग्णांना तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते काहीसे लवकर घरी गेले. नाइटिंगेल यांनी खिडकीसाठी धरलेला आग्रह सव्वाशे वर्षांनी आकडेवारीत उतरला. हा अभ्यास लहान होता, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

नाइटिंगेल यांच्याच विद्यालयात १९४० मध्ये सिसिली सॉन्डर्स या तरुणीने परिचर्येचे शिक्षण सुरू केले. पाठीच्या दुखण्यामुळे तिला परिचारिकेचे काम सोडावे लागले. पुढे डॉक्टर होऊन सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हे मरणासन्न रुग्णांसाठीचे सेवागृह स्थापन केले. वेदना शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक अशा सर्व अंगांनी समजून घेतली पाहिजे, हा त्यांचा विचार जगभर स्वीकारला गेला. भारतात १९८६ मध्ये मुंबईतील वांद्रे येथे शांती अवेदना सदन सुरू झाले, तर १९९३ मध्ये कोझिकोड येथून केरळमधील वेदनाशमन सेवेची चळवळ उभी राहिली.

अर्थात, हे उपाय औषधाला पर्याय नव्हेत. कर्करोगाच्या तीव्र वेदनेत मॉर्फीनची जागा फुले किंवा संगीत घेऊ शकत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर भारतात मॉर्फीन मिळणे अवघड झाले होते आणि २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून ही वाट काहीशी सुकर करण्यात आली. वेदनाशामक नाकारून केवळ धीर देणे हा अन्याय ठरेल आणि केवळ गोळी देऊन पाठ फिरवणे ही अर्धीच शुश्रूषा ठरेल. नाइटिंगेल यांनी स्वतः दोन्हींचा आधार घेतला होता.

भारत सरकारने उत्कृष्ट सेवेबद्दल परिचारिकांना द्यावयाचे राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार १९७३ मध्ये सुरू केले. देशभरातील परिचर्या महाविद्यालयांत दीपप्रज्वलन करून विद्यार्थिनी आणि विद्यार्थी नाइटिंगेल यांच्या नावाची शपथ घेतात. ही शपथ त्यांनी लिहिलेली नाही; ती १८९३ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झाली. त्यांनी स्वतः मागे ठेवलेली शिकवण शपथेहून साधी आहे. रुग्णाची उशी नीट करावी, खिडकी उघडावी, कुजबुज थांबवावी, समोर बसून त्याचे ऐकावे आणि त्याला झोप लागली असेल तर उठवू नये. रात्रपाळीच्या कोणत्याही परिचारिकेला, तसेच घरात आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या कोणालाही, हे आजही करता येण्याजोगे आहे.